उरलेले तेवीस ग्रॅम

सोलापुरातली जानेवारीची गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती. पूर्व भागातली चव्वेचाळीस वर्षांची एक बाई ओपीडीत आली आणि बसायच्या आधीच दोन्ही तळहात माझ्या टेबलावर उताणे ठेवून म्हणाली, "बघा मॅडम, ह्या हातानं पान वळंना झालंय."

पंचवीस वर्षं विड्या वळणारी बाई. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जाड, कोरडं झालेलं, दोन भेगांमध्ये रक्त सुकून काळं पडलेलं. तळव्याच्या मधोमध लालसर, खवले निघणारा पट्टा. डाव्या हातालाही तेच, पण कमी. रात्री खाज इतकी, की उठून खाटेच्या पट्टीवर हात घासायची.

हातांचं इसब पाहताना मी आधी धंदा विचारते, मग स्वयंपाक. तेंदूची पानं भिजवून ठेवायची, ओलसर असतानाच मापात कापायची, मग मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरत दिवसभर वळायच्या. म्हणजे आधी पाणी, त्यावर तंबाखूची धूळ, त्यावर त्याच दोन बोटांचं हजार वेळा घासणं. संध्याकाळी त्याच हातांनी भांडी आणि कपडे. लसणाचंही विचारलं. ज्या घरात शेंगाचटणी रोज कुटली जाते तिथे ते विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. लसणाचं इसब बहुधा डाव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांवर सापडतं, कारण पाकळी डाव्या हातात धरली जाते आणि सुरी उजव्यात. हिच्या घरी लसूण सोलायचं काम मुलीकडे होतं, आणि हिचा उजवाच हात जास्त बिघडलेला. विडीच दोषी होती.

मी क्लोबेटॅसॉल ०.०५ टक्के ऑइंटमेंट लिहून दिलं. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमध्ये हे सगळ्यात वरच्या पायरीवरचं. तरी ते लिहिल्याचा मला आजही पस्तावा नाही. तळहाताची कातडी अंगावरच्या सर्वांत जाड कातड्यांपैकी एक. तिथे सौम्य मलम पोचतच नाही, आणि महिनाभर सौम्य मलम चोळत बसण्यापेक्षा दोन आठवडे जोरदार मलम लावून थांबणं बरं. क्रीमऐवजी ऑइंटमेंट, कारण भेगाळलेल्या कोरड्या कातडीला चिकट, तेलकट आधार लागतो. पाझरणारी जागा असती तर क्रीम दिलं असतं, डोक्याची कातडी असती तर लोशन.

पस्तावा आहे तो चिठ्ठीचा. तिच्यावर मी लिहिलं होतं: ३० ग्रॅम, रात्री लावणे, १५ दिवसांनी दाखवणे. कुठे लावायचं ते नाही, किती ते नाही, कधी थांबायचं ते नाही. "हातांसाठीच तर आली होती, आणखी काय लिहायचं?" असं कुणी विचारेल. मीही तेव्हा तसंच समजत होते.

दहाव्या दिवशी हात मऊ पडले. ती पंधराव्या दिवशी आली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बऱ्या झालेल्या हातांचं डॉक्टरला दर्शन घडवायला अर्ध्या दिवसाची मजुरी कोण घालवेल?

इथे थोडा हिशेब करते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. मलमाचं माप बोटाच्या पेरावर असतं. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, जी सळई निघते ती साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन तळहात, बोटांसकट, व्यवस्थित माखतात. बाईमाणसाचं बोट लहान, तर थोडं कमी. म्हणजे रात्री एकदा अर्धा ग्रॅम, चौदा रात्रींचे झाले सात. मी लिहिले होते तीस. तेवीस ग्रॅम क्लोबेटॅसॉल त्या घरात देवघराशेजारच्या फळीवर उरलं, आणि त्या फळीवरची ट्यूब "लई भारी मलम" आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक झालं.

एप्रिलमध्ये तिचा नवरा आला. एकटा आला, दाराशी घुटमळला आणि आत कुणी पुरुष डॉक्टर आहेत का, हे आधी कंपाउंडरला विचारलं. नव्हते. टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभा राहणारा माणूस, सोलापूरचा एप्रिल, चाळिशी ओलांडलेला पारा, अंगावर दिवसभर घामाने भिजलेली चड्डी. फेब्रुवारीच्या शेवटी जांघेत एक गोल उठलं होतं. लाल कडेचं, मधे साफ, खाजणारं. कुणालाही ओळखू येणारा नायटा. मॅडमना जांघ कशी दाखवायची, म्हणून त्याने बायकोची ट्यूब घेतली.

तीन दिवसांत खाज गेली. पाचव्या दिवशी लाली गेली. माणूस खूश. सातव्या दिवशी लावायचं थांबवलं आणि दोन दिवसांत खाज दुप्पट होऊन आली, म्हणून परत लावलं, आता सकाळ-संध्याकाळ. दोन्ही जांघा आणि कमरेचा पट्टा मिळून दिवसाला दोन ग्रॅम जात असणार. तेवीस ग्रॅमला कितीसा वेळ लागतो? ट्यूब संपली तेव्हा तो रिकामी ट्यूब घेऊन मेडिकलमध्ये गेला. तिथल्या पोराने ती पाहिली आणि "याच्यापेक्षा भारी" म्हणून दुसरी काढून दिली. क्लोबेटॅसॉल तिच्यातही होतंच, सोबत बुरशीचं औषध आणि जंतूंवरचं प्रतिजैविक. एकाच ट्यूबमध्ये तीन. चिठ्ठी कुणी मागितली नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या स्टेरॉइड मलमांची एक मोठी यादी शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याआधी ही मलमं वरून लावायची म्हणून त्या यादीतून सुटत होती. कायदा झाला, काउंटरवरचा हात अजून जुन्याच सवयीने फडताळाकडे जातो.

मी त्याला विचारलं, इतकं जोरदार औषध जांघेत लावताना भीती नाही वाटली? त्याने ट्यूब पुढे केली. "मॅडम, पॉइंट झिरो पाच टक्केच लिहिलंय की. एक टक्कावालं पण मिळतंय."

हे उत्तर मी त्यानंतर अनेकांना सांगितलं आहे, कारण त्यात तर्क चुकीचा नाही, माहिती अपुरी आहे. दुकानात एक टक्का लिहिलेलं मिळतं ते हायड्रोकॉर्टिसोन, या कुळातलं सगळ्यात सौम्य. ०.०५ टक्के क्लोबेटॅसॉल त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी जोरदार. टक्के हे एकाच औषधाच्या दोन ट्यूबांची तुलना करायला ठीक; दोन वेगळ्या औषधांत ते काहीच सांगत नाहीत. मिरचीचा अर्धा चमचा आणि साखरेचे दोन चमचे यांत तिखट कोण, हे चमचे मोजून कळत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. हायड्रोकॉर्टिसोन अंगाच्या वेगवेगळ्या भागांतून किती शिरतं हे १९६० च्या दशकात माणसांवरच मोजलं गेलं. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं शिरतं तेवढं एक धरलं तर तळहातातून त्याहूनही कमी, कपाळातून सहापट, आणि अंडकोषाच्या कातडीतून चाळीसपटींच्या वर. जे मलम बायकोच्या तळहातावर जेमतेम पोचत होतं, तेच नवऱ्याच्या जांघेत दिवसातून दोनदा, दोन घड्यांमध्ये दाबलं जाऊन, वर घामाची वाफ घेत सहा आठवडे मुरत होतं.

तपासताना गोल कुठेच दिसलं नाही. कडा पुसलेली, मध्ये पुरळ, मांडीच्या आतल्या बाजूने आणि कमरेवरून पसरलेला विटकरी पट्टा, त्यात बोटभर लांबीचे जांभळट वळ. बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे. नायट्याचा चेहरामोहराच स्टेरॉइडने पुसला होता. आमच्या पुस्तकांत याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, वेष बदललेला नायटा. खाज आणि लाली ही बुरशीची नसते, बुरशीविरुद्ध अंगाने उठवलेली असते. स्टेरॉइड अंगाला गप्प बसवतं. बुरशीला काही करत नाही, उलट तिला रान मोकळं मिळतं. कडेचे खवले खरवडून काचेवर घेतले, पोटॅशचा थेंब टाकला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे इतके दिसले की शोधावे लागले नाहीत.

इट्राकोनॅझोलच्या गोळ्या, बुरशीचं साधं क्रीम, स्टेरॉइड बंद. बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज उसळेल, तेव्हा घाबरून ट्यूब हातात घ्यायची नाही, हे दोनदा सांगितलं. चड्ड्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायच्या (उन्हाला सोलापुरात तोटा नाही), टॉवेल वेगळा. घरात आणखी कुणाला असलं काही आहे का, हेही विचारलं.

तेव्हा मुलीचं कळलं. तिची गोष्ट लांबवत नाही, कारण ती वेळेत सुटली. एकोणीस वर्षांची, गालावर मुरमांचे काळे डाग. आईचे हात गोरे दिसायला लागले हे पाहून आठ-दहा दिवस हरभऱ्याएवढं मलम गालांवर चोळलं. चेहरा खरंच उजळला. या मलमाने रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगही दबतो. मग उन्हात गेल्यावर गाल जळायला लागले, बारीक पुरळ उठलं, आणि तिने स्वतःच सोडलं. जे लोक महिनोन्महिने लावतात त्यांच्या गालांवर लाल शिरांची जाळी, हनुवटीवर लव आणि कायमची आग राहते; अशा चेहऱ्याला आमच्या धंद्यात वेगळं नावच द्यावं लागलं आहे. तिला मी नुसतं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन देऊन परत पाठवलं.

त्या दिवशी मी वैतागले होते. नवऱ्याला म्हणाले, "हे स्टेरॉइड आहे. घरात असेल नसेल तेवढं फेकून द्या." वाक्य बरोबर होतं, पण अर्धं होतं. जानेवारीतली चिठ्ठी अर्धी आणि एप्रिलमधली ताकीदही अर्धी. कुणी फेकायचं आणि कुणी फेकायचं नाही, हे राहिलं.

जूनमध्ये बाई परत आली ती हात पदराखाली झाकून. एप्रिलपासून तिने काही लावलं नव्हतं. मेमध्ये भेगा परत उघडल्या तेव्हा हळद आणि खोबरेल केलं, लिंबाचा पाला उकळून त्यात हात बुडवले, म्हणजे कोरड्या हातांना आणखी पाणी. शेजारणीच्या मोबाइलवर स्टेरॉइडने कातडी झडलेल्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. दिवसाला आठशे विड्या वळणारी बाई तीनशेवर आली होती. मजुरी हजारावर मोजतात, तेव्हा हा हिशेब तिने मला समजावून सांगायची गरज नव्हती.

मी क्लोबेटॅसॉलचं नाव काढताच तिने हात मागे ओढला.

"तुम्हीच म्हणलाव की मॅडम, फेकून द्या म्हणून."

"म्हणाले अक्का. ते तुमच्या मालकांच्या नायट्याला. तुमच्या हाताला ते औषध आहे."

"तेच औषध?"

"तेच."

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. मुलगी सोबत होती, तिने तेलुगूत काहीतरी समजावलं; त्यातलं मला फक्त "हात" आणि "तारीख" एवढंच उमगलं, कारण ते शब्द ती मराठीतच बोलली.

पण लगेच ट्यूब लिहिली नाही. घरात नायटा होता, तेव्हा हाही बुरशीचाच तळहात नाही ना, हे आधी पाहायला हवं होतं. तळव्याचे खवले खरवडले, पावलंही पाहिली, कारण बुरशी पुष्कळदा दोन पाय आणि एकच हात धरते. धागे दिसले नाहीत. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर पाहिली. खरजेवर स्टेरॉइड लावलं तर तीही अशीच वेष बदलते. कशाची ॲलर्जी आहे ते शोधणाऱ्या पॅच टेस्टचा विचार केला आणि पुढे ढकलला. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या दोन दिवस हलायला नकोत, आणि तेव्हाच्या उकाड्यात त्या घामाने दुपारपर्यंतही टिकल्या नसत्या.

या वेळी चिठ्ठीवर मी हाताचं चित्र काढलं. चित्र म्हणजे माझाच डावा हात कागदावर ठेवून पेनाने आखलेली रेघ, आतला भाग तिरक्या रेघांनी भरलेला. खाली: फक्त इथे. रात्री एकदा. दिवसातून दोनदा लावल्याने हे मलम दुप्पट काम करत नाही, दुप्पट त्रास मात्र देऊ शकतं. सुरू करायची तारीख, बंद करायची तारीख, मध्ये चौदा रात्री. ट्यूब पंधरा ग्रॅमची. पेराचं माप दाखवायला तिचं बोट पुढे घेतलं, तर भेगांमध्ये पहिली घडी कुठली तेच कळेना. शेवटी मुलीच्या बोटावर सळई काढून दाखवली, आणि माप तीच देणार असं ठरलं. चौदा रात्रींनंतर त्याच्या खालच्या पायरीचं मोमेटासोन, आठवड्यातून फक्त दोन रात्री, बुधवार आणि शनिवार, पुढचे दोन महिने. इसब उसळी मारतं ते असं रोखून धरता येतं. पाझरायला लागलं, पिवळी खपली धरली, ठणकायला लागलं, तर मलम वाढवायचं नाही, माझ्याकडे यायचं.

पेट्रोलियम जेलीवरून मात्र आमचं जुंपलं. प्रत्येक वेळी हात धुतल्यावर लावा, म्हणाले मी. ती हसली. "मॅडम, तेलकट बोटानं पान घसरतंय. तंबाखू चिकटतंय." हातमोज्यांचंही तेच, पानाचा ओलावा बोटाला कळल्याशिवाय विडी वळत नाही. पुस्तकात "दिवसातून अनेकदा मॉइश्चरायझर" लिहिणाऱ्याने कधी सूप मांडीवर घेतलं नसावं. मग असं ठरलं: वळताना हात कोरडे. जेवायला उठताना आणि सूप बाजूला ठेवल्यावर कोमट पाण्याने धुऊन, टिपून, जेली. रात्री आधी स्टेरॉइड, अर्ध्या तासाने जेली, वर सुती मोजे. प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची नाही, तिने औषध कैकपट आत शिरतं. भांड्यांना रबरी मोजे, आत सुती. मुलगी शिवणकाम करते. मोजे ती वडिलांच्या जुन्या बनियनचे शिवणार होती. मी हात जोडले आणि नवीन कापड आणायला सांगितलं.

निघताना विचारलं, आधीच्या ट्यूबमधलं आणखी कुणाला दिलं होतं का? शेजारच्या सात महिन्यांच्या नातवाच्या ढुंगणावर लाल चट्टे होते, त्याला द्यायला निघाली होती, पण तोवर नवऱ्याने ट्यूब संपवली होती. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने अंगावरची कातडी जास्त; वर डायपर म्हणजे बांधलेलं प्लास्टिकच. त्या नायट्याने निदान एवढं तरी भलं केलं.

चौदा रात्रींनंतर ती दिलेल्या तारखेला आली, या वेळी मजुरी बुडवून. भेगा मिटल्या होत्या, पट्टा फिकट झाला होता, अंगठ्याचं टोक अजून जाड होतं. सहाशेवर पोचली होती. नवऱ्याचा खरवडलेला नमुना पुढच्या महिन्यात स्वच्छ आला. जांघेतले वळ जांभळ्याचे पांढुरके झाले आहेत आणि ते तसेच राहतील, हे त्याला सांगितलं तेव्हा तो "राहू द्या, कोण बघतंय" म्हणाला.

तिने ट्यूब सोबत आणली होती, आणा म्हटलं होतं म्हणून. औषधं जोखायच्या छोट्या काट्यावर ठेवली. नव्या ट्यूबपेक्षा सात ग्रॅमच्या जरा खाली कमी भरली. उरलेली माझ्याकडे ठेवू का, विचारलं तर तिने ती घट्ट धरली. "पैसे दिलेत की ओ." खरं होतं, आणि हिवाळ्यात तिला ती लागणारही होती. ट्यूबवर काळ्या मार्करने तेलुगूत दोन शब्द लिहिले होते. मला वाचता येईना, तेव्हा मुलीने वाचून दाखवले: आईचे हात.

मी खाली तारीख घातली आणि ट्यूब परत दिली.